नुसतं बसणं

"आजी कुठं फिराले जाते? आजी तर हँगआउट करते," गुड्डी म्हणाली आणि तिने भाताचा घास घेतला. रविवारची दुपार होती, आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं नीट चाललंय ना, असं धनंजयने, माझ्या मुलाने, नुकतंच विचारलं होतं आणि मी हो म्हणणारच होते. गुड्डी त्याची मुलगी, अकरावीत आहे. आदल्या संध्याकाळी ट्यूशनहून मैत्रिणीच्या स्कूटीवर येताना तिने मला खांब तलावाच्या काठी बाकावर बसलेलं पाहिलं होतं. शेजारी इश्वरभाऊ होते. माझी सून हर्षा हसली. धनंजयही हसला, पण त्याचं हसू लवकर आटोपलं. "कोणासोबत?" त्याने विचारलं. "ते एसटीवाले आजोबा नाही का? दोघंही मस्त बसून राहिले होते. मी हात दाखवला तर आजीनं पाहिलंच नाही." मी पाहिलं नव्हतं हे खरं होतं. पाण्याकडे पाहत होते. शब्द मला अगदीच नवा होता असंही नाही, टीव्हीवर ऐकला होता, पोरींच्या फोनवरच्या बोलण्यात रोज कानावर पडत होता. पण इतरांच्या घरी आलेल्या पाहुण्याकडे आपण जसं लक्ष देत नाही तसं मी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. आता तो माझ्याच ताटाशी येऊन बसला. वरणात मीठ कमी होतं, तेही मागायचं राहिलं.

जेवणं झाल्यावर खोलीत आडवी झाले, पण डोळा लागेना. सगळी नोकरी आंधळगावच्या शाळेत मराठी शिकवण्यात गेली, त्यामुळे खोड अशी लागली आहे की शब्द अडला की तो दिवसभर तोंडात घोळतो. हँगआउट करणं. याला आपल्यात काय म्हणायचं? चकाट्या पिटणं. गप्पा छाटणं. टवाळक्या, उनाडक्या, टाइमपास. वर्गात मी स्वतःच पोरांवर हे शब्द फेकत होते, चकाट्या पिटाले आले का रे शाळेत, म्हणून. एकेक शब्द उलटून पाहिला तर प्रत्येकाच्या मागे कोणीतरी कमरेवर हात ठेवून उभं आहे. दोन माणसं कामाशिवाय एकत्र बसली की आपली भाषा लगेच त्यांच्यावर ओरडते. त्यातही हे सगळे शब्द बाप्यांसाठी. माहेरी, आसगावला, आमच्या घरामागे बोडी होती, म्हणजे धानाला पाणी देणारा लहानसा तलाव. तिच्या पाळीवर संध्याकाळी माझे काका आणि त्यांचे सोबती बसायचे. विड्या ओढायचे, पाण्याकडे पाहायचे, कितीतरी वेळ कोणी बोलायचं नाही. आम्ही पोरी घागरी घेऊन जवळून जायचो तेव्हा मला त्यांचा इतका हेवा वाटायचा की मी मुद्दाम पाय ओढत चालायचे. माझ्या आठवणीतल्या बसलेल्या बायका मात्र हातात काहीतरी घेऊनच बसलेल्या आहेत. सूप आहे, विळा आहे, पोराचं डोकं आहे. रोवणीला चिखलाच्या बांधीत ओळीने वाकलेल्या बायका सगळ्या गावाची सुखदुःखं बोलायच्या, पण हातातली रोपं थांबायची नाहीत. थांबली तर बांधावरून हाक यायची. हिवाळ्यात लाखोरीची डाळ निवडत आई आणि कलाकाकू अंगणात ऊन खात बसत. एकदा डाळ निवडून संपली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि आईने निवडलेली डाळ पुन्हा सुपात ओतली. तेव्हा मी हसले होते. आई म्हातारी झाली, चुकून ओतली, असं मला वाटलं होतं. आईचं वय तेव्हा जेमतेम हर्षाएवढं असेल.

संध्याकाळी गुड्डी माझ्या पलंगावर पाय पसरून मोबाइल बघत होती. तिला मी सहज विचारतेय असं दाखवून विचारलं, "काय वो, हँगआउटमध्ये करतात काय?" ती म्हणाली, "काही नाही करत, आजी. तेच तर राहते." म्हटलं, मला नीट समजावून सांग, मी शिक्षिका आहे, मला उदाहरणं लागतात. तिला गंमत वाटली. मोबाइल उलटा ठेवून ती मांडी घालून बसली. मी विचारलं, "कौशल्याबाई माझ्याजवळ मेथी निवडाले येते, आम्ही बोलतो, ते हँगआउट का?" "नाही. ते काम आहे." "भय्याजीच्या घरी सत्यनारायणाले गेलो होतो ते?" "ते फंक्शन." "तुझी आई अन मी कपडे घ्याले नागपूरले गेलो होतो?" "आजी, ते शॉपिंग. त्यात काही घ्याचं होतं ना. घ्याचं काहीच नसलं, जाचं कुठंच नसलं, तरी ज्याच्यासंग बसावंसं वाटते, त्याच्यासंग बसलं का मंग हँगआउट." मग मी जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. "तुझे आजोबा अन मी दवाखान्यात बसून राहत होतो. सकाळपासून दुपारपर्यंत." गुड्डीने चादरीवरचा धागा ओढला. "ते वेटिंग झालं, आजी," ती हळूच म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तुम्ही दोघांनी कधीच नाही केलं काय?" मी म्हटलं, आमच्या वेळी असले शब्द नव्हते. तिने ते ऐकून घेतलं आणि मोबाइल पुन्हा सरळ केला.

ताराचंद वाईट नवरा नव्हता. हे लिहिताना मला कोणाची तरी समजूत घातल्यासारखं वाटतं, पण ते खरं आहे. कृषी खात्यात होता, खेडोपाडी फिरायचा, घरी आला की मोजक्या शब्दांत दिवस सांगायचा आणि माझा विचारायचा. भाजी आणली का, धनूची फी भरली का, आसगावहून तांदूळ कधी येणार. मी उत्तरं द्यायचे, तो मान हलवायचा, मग वर्तमानपत्र. एकमेकांचं सगळं आम्ही पाहिलं, दुखणी, बाळंतपण, त्याच्या आईची अंथरुणातली वर्षं. कशात कमी नव्हतं. पण दोघं बसलो की थोड्या वेळाने आमच्यातलं कोणीतरी म्हणायचं, "काय गा, काही काम आहे काय?" किंवा "काय वो, काही म्हणत होती काय?" मग दुसरं उठायचं. एकदा, धनू नोकरीला लागला त्या वर्षी, आम्ही नाकाडोंगरीला ताराचंदच्या भाच्याच्या लग्नाला गेलो होतो आणि परतीची गाडी चुकली. फाट्यावर मोहाच्या झाडाखाली एक दगड होता, त्यावर दोघं टेकलो. जंगलातून वारा येत होता. ताराचंद काहीच बोलत नव्हता आणि मला आतून काहीतरी सैल झाल्यासारखं वाटत होतं, दुसरी गाडीही चुकावी असं मनात येत होतं. तेवढ्यात खाणीकडून येणारी एक जीप दिसली आणि तो धावत रस्त्यावर गेला. हात करून थांबवलीही त्याने ती. तो माझ्यासाठीच धावला होता, मला फाट्यावर ताटकळत बसावं लागू नये म्हणून. मी पदर सावरत जीपमध्ये चढले. बोलायला शब्द कोणता होता?

इश्वरभाऊंना ओळखण्याआधी मी त्यांचा आवाज ओळखत होते. भंडाऱ्याच्या बसस्थानकावर ते कंट्रोलर होते आणि रोज सकाळी माझी गाडी त्यांच्या तोंडून निघायची. आधी माइकमध्ये खाकरण्याचा आवाज, मग, "आंधळगावकडं जाणाऱ्या प्रवाशांनी..." मी डबा, पर्स, छत्री सांभाळत धावायचे. इतक्या वर्षांत त्या काचेच्या खोलीतल्या माणसाकडे मी मान वर करून पाहिलं नसेल. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी असले की सकाळी त्या वेळेला कानांना काहीतरी कमी पडायचं. ताराचंद गेल्यानंतर शेजारचे भय्याजी त्यांना घेऊन माझ्या घरी बसायला आले. भय्याजींचे ते जुने सोबती. सतरंजीवर बायका एका बाजूला, बाप्ये एका बाजूला. थोड्या वेळाने दोघं उठले. दुखवट्याच्या घरातून निघताना कोणी "येतो" म्हणत नाही, गुपचूप उठून जायचं असतं, पुन्हा अशा कारणाने यायची वेळ येऊ नये म्हणून. हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. इश्वरभाऊंनी दारात चप्पल घातली, खाकरले आणि आयुष्यभराच्या सवयीने खणखणीत आवाजात म्हणाले, "येतो बाई." सगळं घर थिजलं. कौशल्याबाईने पदर तोंडाला लावला. त्यांच्याही ध्यानात आलं, चेहरा लाल झाला. सावरायला म्हणून ते एक पाऊल पुन्हा आत आले आणि म्हणाले, "म्हणजे, नाही येत." भय्याजींनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. मी खाली मान घातली होती. बायकांना वाटलं मला उमाळा आला. माझे खांदे हलत होते, पण मी हसत होते. ताराचंद गेल्यापासून पहिल्यांदा, आणि ते हसू दाबता दाबता मग खरंच रडूही आलं.

मग बरेच महिने गेले. माझी शुगर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, धनंजयने बूट आणून दिले. तलावाच्या काठी एक दिवस मागून खाकरण्याचा आवाज आला आणि मी, काही कारण नसताना, पर्स सावरली. "आंधळगावच्या बाई ना?" ते म्हणाले. "त्या दिवशीची माफी मागाची होती जी. तवापासून तुमच्या घरावरून जात नाही मी. फिरून जातो." मी म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी फार चांगलं केलं, इश्वरभाऊ." त्यांना कळलं नाही, मीही समजावलं नाही. त्यांची सुमनबाई ताराचंदच्या आधीच गेली होती. मुलगा कैलाश रायपूरला. घरात एकटेच. आम्ही चालू लागलो. पहिले काही आठवडे खरंच चाललो, डॉक्टरांनी पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती. मग त्यांना दम लागायचा म्हणून बाकावर टेकायचो. मग मला दम लागायचा. मग दम लागायच्या आधीच बाक यायचा. दसऱ्यानंतर एक बाई तिथे उकडलेले शिंगाडे घेऊन बसू लागली, मग शिंगाडे सोलण्यासाठी बसायचो. ते बोटांनी काळं साल काढायचे, मधला पांढरा भाग कागदावर ठेवायचे, मी खायचे. बोलणं असं फारसं नसायचं. त्यांच्या खाकरण्यामुळे मला नेहमी वाटायचं की आता काहीतरी जाहीर होणार, आणि ते म्हणायचे, "पाणी कमी झालं नाही यंदा." एक दिवस म्हणाले, "बाई, मले आज काही बोलाचं नाही. चालते ना?" मी म्हटलं, "चालते जी." शिंगाडे संपले. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. मी माझ्या हातांकडे पाहिलं, ते मांडीवर रिकामे होते, आणि आम्ही तसेच बसून राहिलो. पलीकडच्या काठावर कोणीतरी म्हशी धूत होतं. मला आसगावची पाळ आठवली, काका आठवले, घागर घेऊन पाय ओढत चालणारी मी आठवले. मला वाटलं, आपल्याला जे हवं होतं ते हेच होतं की काय, एवढंच? इतक्या वर्षांनी, शुगरच्या नावाखाली? त्याच संध्याकाळी गुड्डी स्कूटीवरून गेली.

धनंजय मला रागावला नाही. तो रागावत नाही, त्याच्या बापासारखाच आहे. सोमवारी ऑफिसला निघताना बूट घालता घालता म्हणाला, "आई, मी काही म्हणून नाही राहिलो. पण आपलं गाव तुले माहीत आहे. भय्याजी विचारत होते." मी विचारलं, "काय विचारत होते?" "काही नाही. म्हणत होते, आई बऱ्या आहेत ना?" तो नाडी बांधत राहिला. ती केव्हाच बांधून झाली होती. "तुझं काही काम असन इश्वरकाकाकडं, तर मले सांग ना. मी करून देतो." त्याच्या डोळ्यांत नुसती माया होती. काही असतं तर मी लपवलं असतं, भांडले असते, नाही म्हणून शपथ घेतली असती. काहीच नव्हतं. काहीच नसलेल्या गोष्टीसाठी घरात कसं उभं राहायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "काम काही नाही." "मंग झालं," तो म्हणाला आणि त्याला खरंच हायसं वाटलेलं दिसलं. त्या संध्याकाळी मी गुडघा दुखतो असं सांगून घरी राहिले. दुसऱ्या दिवशीही. हर्षाने गुडघ्याला लावायला तेल गरम करून दिलं, ते मी लावलंही.

दिवाळी त्याच आठवड्यात आली. शंकरपाळे तळताना, आकाशकंदील लावताना मी बरी असायचे. ऊन उतरायला लागलं की शरीर आपोआप उठून उभं राहायचं, चप्पल शोधायचं. मी गच्चीवर जायचे. वाळत घातलेले कपडे काढायचे, घड्या घालायचे, हात थांबू द्यायचे नाही. तिथून तलाव दिसत नाही, तलावाकडची झाडं दिसतात, संध्याकाळी बगळे त्यावर उतरतात. मला इश्वरभाऊंची आठवण यायची. हे असं सरळ लिहायला मला वेळ लागला. आठवण कशाची, असं वर्गात कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, कारण ते काही बोलले होते असं नाही, त्यांचं रूप काही डोळ्यांसमोर धरावं असंही नाही, कानांत केस आहेत, शर्टाचं वरचं बटण नेहमी तुटलेलं. आठवण यायची ती त्यांच्या शेजारी मी जशी बसत होते तिची. माझ्या शेजारी कोणीतरी आहे आणि त्याला माझ्याकडून काही नको आहे, याची. गुड्डीच्या त्या शब्दाचा मला आता रागही येत नव्हता. उलट पोरीचा हेवा वाटत होता. तिने तो किती सहज टाकला ताटाशेजारी. तिला बसावंसं वाटलं की ती मैत्रिणीला तसं कळवते, आई विचारते कुठे चाललीस, ती शब्द सांगते आणि जाते. शब्दाला कोणी अडवत नाही. माझ्याकडे तो नव्हता म्हणून मी आयुष्यभर शुगर, मेथी, डाळ, दवाखाना असं काहीतरी पुढे करत आले. आणि इश्वरभाऊंना तर मी तेवढंही सांगितलं नव्हतं, नुसती जायची थांबले होते. ते रोज येऊन बसत असतील, की आता पुन्हा माझं घर टाळून फिरून जात असतील, कोण जाणे. दिवाळी झाली का कैलाश नेतो म्हणते रायपूरले, असं त्यांनी बाकावर मला सांगितलं होतं. मी त्यावर "बरं आहे ना, नातवंडं आहेत," म्हटलं होतं. असं का म्हटलं मी?

हर्षानेच बातमी आणली. सकाळी दूध घेऊन आली ती पिशवी ओट्यावर ठेवायच्या आधीच म्हणाली, "आई, ते काका जाऊन राहिले आज. त्यांच्या दारात टेम्पो उभा आहे." धनंजय अंघोळीला गेला होता. मी चहाचं पातेलं खाली ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, फळीवरचा स्टीलचा डबा काढत होती. तिने त्यात चिवडा भरला, वर दोन अनारसे ठेवले, झाकण घट्ट दाबलं. "हे देऊन या," ती म्हणाली. "प्रवासाले होईन. रिकाम्या हातानं कशा जाता? हे असलं म्हणजे..." मला तिचं इतकं कौतुक वाटलं की मी तिच्या गालाला हात लावला, ती लाजली. पोरीने मला एक काम करून दिलं होतं. डबा घेऊन मी दारापर्यंत आले, चप्पल घातली. डबा चांगला जड होता. तो दिला असता, कैलाशने घेतला असता, काकू कशाला त्रास घेतला म्हणाला असता, मी म्हटलं असतं त्यात कसला त्रास, आणि परत आले असते. सगळं नीट पार पडलं असतं. मी डबा चपलांच्या स्टँडवर ठेवला. "आई, डबा," हर्षा आतून म्हणाली. मी म्हटलं, "राहू दे. मी बसाले चालली." न्हाणीघरातल्या पाण्याचा आवाज थांबला. धनंजयने ऐकलं असेल. मी मोठ्यानेच बोलले होते.

गल्लीत धानाच्या तणसाचा वास होता, कोणीतरी गावाहून गाईसाठी पेंढा आणून टाकला होता. मी भराभर चालले, डॉक्टरांना आवडेल असं. भय्याजी अंगणात दात घासत होते, त्यांनी ब्रश काढून "काय वो बाई, कुठं?" असं विचारलं, मी "इश्वरभाऊकडं" म्हणाले आणि थांबले नाही. टेम्पो बराचसा भरला होता. कपाट, गादीच्या वळकट्या, उलट्या ठेवलेल्या खुर्च्या. कैलाश दोन मजुरांना दोरी कशी आवळायची ते सांगत होता. उंच, घाईतला माणूस, मला ओळखायला त्याला क्षणभर लागला. "या काकू. काही काम होतं काय?" माझ्या दोन्ही हातांत काही नव्हतं. ते कुठे ठेवावेत हेही मला कळेना. मी म्हटलं, "काम नाही बाबू. बसाले आली." त्याने टेम्पोकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, आणि "आता?" असं म्हणणार होता बहुतेक. तेवढ्यात इश्वरभाऊ दारात आले. हातात देव्हाऱ्यातली पितळी घंटा होती, कुठे भरावी ते न कळून तशीच धरलेली. मला पाहून ते खाकरले. मग काहीच जाहीर केलं नाही.

"बसा," ते म्हणाले, आणि मागे वळून पाहिलं. आत खोली पूर्ण रिकामी होती, भिंतीवर फोटोंच्या जागा पांढऱ्या दिसत होत्या. बसायला काही उरलं नव्हतं. मी दाराच्या पायरीवर बसले. गुडघे कुरकुरले. त्यांनी घंटा खिडकीत ठेवली आणि थोडं अंतर सोडून तेही पायरीवर बसले. "गुडघा कसा आहे?" त्यांनी विचारलं. हर्षाने कौशल्याबाईला सांगितलं असणार, तिने गल्लीला. मी म्हटलं, "गुडघ्याले काही नव्हतं झालं." "मले वाटलंच," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. थोड्या वेळाने म्हणाले, "मी जात होतो तिथं रोज." मी मान हलवली. मला सांगायचं होतं की मी गच्चीवर होते, कपडे काढत होते, पण ते सांगून काय झालं असतं. समोर मजूर कपाटाला दोरी आवळत होते. एक कुत्रं टेम्पोच्या सावलीत येऊन लवंडलं. गल्लीतून दूधवाला गेला, त्याने आमच्याकडे पाहिलं, भय्याजी ब्रश हातात घेऊन कोपऱ्यापर्यंत आले होते त्यांनीही पाहिलं. बघा, मला वाटलं. बघा चांगलं. दोन म्हातारी माणसं पायरीवर बसली आहेत, सोलायला काही नाही, निवडायला काही नाही, कोणी मेलेलं नाही. मग तेही वाटायचं थांबलं आणि मी नुसती बसले. ऊन पायांवर आलं होतं.

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. कैलाश आला, आमच्यासमोर उभा राहिला, घड्याळ पाहिलं. चांगला मुलगा आहे, आवाज चढवला नाही. "बाबा, काकूंचं काम झालं असन तर निघू. ऊन होते मंग." इश्वरभाऊंनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. ते खाकरले नाहीत. "काम नाही आहे रे यांचं काही," ते म्हणाले. "थांब थोडा. आमी बसून राहिलो."

आमी. कैलाशने घड्याळाचा हात खाली घेतला. मग त्याने टेम्पोकडे हात केला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, आणि गल्ली एकदम शांत झाली. माझ्या शेजारी ते होते, हात लावला तर लागेल इतक्या जवळ. आणि तिथेच, ते असे शेजारी बसलेले असतानाच, मला त्यांची आठवण यायला लागली.